घराचा करार झाला, वस्तीचा राहिला: वरळीच्या बीडीडी चाळींचे प्रकरण

१४ ऑगस्ट २०२५ रोजी माटुंग्याच्या यशवंत नाट्य मंदिरात वरळीच्या बीडीडी चाळींमधल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या देण्यात आल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या सदनिकेत, मालकी हक्काने आणि घराची किंमत न मोजता. मुंबईत पुनर्विकास म्हटला की जुनी इमारत पडते, दोन-चार वर्षांत भाडे थकते आणि माणसे विरार-बदलापूरला कायमची स्थिरावतात, हे आपण इतक्यांदा पाहिले आहे की लोक त्याच वस्तीत, त्याच पत्त्यावर परत आले ही बाब मुळापासून समजून घ्यायला हवी.

हे काम अडले कशामुळे आणि सुटले कशामुळे, हा या लेखातला पहिला भाग. दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. चाळीतल्या प्रत्येक खोलीच्या बदल्यात काय मिळणार हे कागदावर आले. पण खोल्यांच्या बाहेर जी वस्ती होती, तिच्या बदल्यात काय मिळणार, हे कोणी लिहून दिले?

सरकारने बांधलेली, कोणालाच न विचारलेली

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली हे खाते उभे राहिले. एका बाजूला बॅकबेचा समुद्र बुजवायचा आणि दुसऱ्या बाजूला कामगारांसाठी चाळी बांधायच्या, अशी दुहेरी योजना होती. पैसा उभा करण्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला गेला. संकल्प ५०,००० खोल्यांचा होता. प्रत्यक्षात २०७ चाळी झाल्या: वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर, ३२ आणि शिवडीला १२.

तळमजला अधिक तीन मजले. प्रत्येक मजल्यावर मधोमध लांबलचक पॅसेज, दोन्ही हातांना दहा-दहा खोल्या आणि मजल्याचे सामायिक संडास. एका चाळीत ८० खोल्या. गिरगावच्या चाळींना असते तशी रस्त्यावर उघडणारी गॅलरी इथे नाही. पॅसेज आतला, दिवसाही दिवा लावावा लागेल असा. भिंती सिमेंट काँक्रीटच्या, त्यामुळे खिळा ठोकणेही मुश्कील. उजेडवाऱ्याची तक्रार पहिल्या दिवसापासून होती. वरळी तेव्हा गिरण्यांपासून लांब पडायची. बाजार नाही, सोयी नाहीत, भाडे मात्र परवडेना. परिणामी वरळीच्या कितीतरी खोल्या सुरुवातीची वर्षे रिकाम्या पडून राहिल्या. १९३०च्या कायदेभंगाच्या काळात सरकारने इथल्या काही चाळींत सत्याग्रही कैद्यांना ठेवले. कामगारांसाठी म्हणून बांधलेल्या इमारतींचा तुरुंग म्हणून सहज उपयोग होऊ शकला, यातच त्या आराखड्यावरची पुरेशी टीका आली.

नंतर मात्र वस्ती भरली. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, सांगली, कोल्हापूर इथून आलेले गिरणी कामगार, गोदीतले, पालिकेतले, पोलीस खात्यातले लोक. ज्यांना विचारून हे बांधले नव्हते त्यांनी त्यातून एक गाव उभे केले. गिरणगावातल्या चाळींमध्ये गावाच्या नावाची खोली ही मोठी संस्था होती. एका गावचे पंधरा-वीस जण एका खोलीत पाळ्या लावून झोपायचे, जेवण शेजारच्या खानावळीतल्या बाईकडे, आणि गावाकडून आलेला नवा पोरगा त्याच खोलीत पहिली वळकटी टाकायचा. पुढे कुटुंबे आली. त्यांच्यामागोमाग गणेशोत्सव मंडळ, भजनी मंडळ, व्यायामशाळा, कबड्डीचा संघ, बुद्धविहार, बालवाडी आणि महिलांची भिशी असे सगळे उभे राहिले.

या वस्तीचे नुसते गोडवे गाऊन चालणार नाही. जानेवारी १९७४ मध्ये याच वरळीच्या चाळींमध्ये दंगल पेटली. दलित पँथर आणि शिवसेना आमनेसामने आले, चाळी-चाळींत दगड आणि पेटते बोळे फेकले गेले, आणि त्याच दिवसांत परळच्या मोर्चात पँथरचा कार्यकर्ता भागवत जाधव मारला गेला. कोणती चाळ कोणाची हे तेव्हा सगळ्यांना पाठ होते. चाळीतली जवळीक जितकी खरी, तितक्याच खऱ्या तिच्यातल्या भिंती. नव्या इमारतींबद्दल बोलताना हा इतिहास बाजूला ठेवता येत नाही, त्याच्याकडे पुढे परत येतो.

मग १८ जानेवारी १९८२चा गिरण्यांचा संप. गिरण्या एकेक करून संपल्या, आणि ज्यांच्या पगारावर खोलीचे भाडे, मंडळाची वर्गणी आणि गावाकडची मनीऑर्डर चालायची ते घरी बसले. या काळात वस्ती तगली ती घरातल्या बायांच्या कमाईवर आणि शेजाऱ्यांच्या उधारीवर. आजूबाजूला लोअर परळचे काचेचे टॉवर उभे राहत असताना या चाळी आहेत तशाच राहिल्या. प्लास्टर पडत होते, सळ्या उघड्या पडत होत्या आणि सार्वजनिक बांधकाम खात्याची दुरुस्ती त्यामागे धावत होती.

जमीन सरकारची होती म्हणून

पुनर्विकासाची चर्चा खूप वर्षे चालली. खऱ्या अर्थाने चाके फिरली ती २०१६ मध्ये, राज्य सरकारने म्हाडाला, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला, या कामासाठी नेमले तेव्हा. २२ एप्रिल २०१७ रोजी वरळीच्या जांबोरी मैदानावर भूमिपूजन झाले. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग या तीन ठिकाणच्या १९५ चाळी, १५,५९३ पुनर्वसन सदनिका. त्यातल्या एकट्या वरळीत ९,६८९, नायगावला ३,३४४ आणि ना. म. जोशी मार्गावर २,५६०. वरळीत चाळीस मजली इमारती, बाकी दोन ठिकाणी बावीस मजली. उरलेल्या जागेवर विक्रीसाठी उंच इमारती, आणि त्यांच्या पैशातून सगळ्या प्रकल्पाचा खर्च निघणार.

यातला कळीचा मुद्दा व्यवहाराच्या रचनेत आहे. नेहमीच्या पुनर्विकासात विकासक येतो, रहिवाशांच्या संमतीपत्रांवर सह्या गोळा करतो, भाडे तोच देतो, इमारत तोच बांधतो आणि विक्रीच्या फ्लॅटवर कमावतो. बाजार पडला की त्याचा पैसा आटतो आणि पहिला फटका भाड्याला बसतो. बीडीडीत जमीन सरकारची, विकासक म्हाडा, आणि बांधकाम कंपन्या फक्त कंत्राटदार. कंत्राटदाराला जमिनीत वाटा नाही. काम केले की बिल, एवढाच त्याचा संबंध. त्यामुळे फ्लॅट खपोत न खपोत, रहिवाशाचे घर आणि भाडे त्यावर थेट टांगलेले राहत नाही. जोखीम सरकारी संस्थेने अंगावर घेतली. वरळीतली जवळजवळ साठ एकर जमीन, तीही शहराच्या मधोमध, सरकारच्या मालकीची होती म्हणून हे जमले. खासगी मालकाच्या पागडीच्या चाळीला हा मार्ग जसाच्या तसा लागू होत नाही, हे इथेच सांगून टाकलेले बरे. कारण ‘बीडीडीला ५०० फूट मिळाले, मग आम्हाला का नाही’ हा प्रश्न आता दक्षिण मुंबईतल्या प्रत्येक चाळ समितीच्या बैठकीत ऐकू येतो.

अडले ते विश्वासावर

कागदावर एवढी चांगली योजना, तरी भूमिपूजनानंतर चार वर्षे वरळीत वीट हलली नाही. १ ऑगस्ट २०२१ रोजी तिथे पुन्हा एकदा भूमिपूजन करावे लागले. मधल्या काळात सरकार बदलले, करोनाची साथ आली, हे खरे. पण खरी अडचण खोलीच्या दारात होती. सर्वेक्षणाला आलेल्या माणसाला लोक आत घेत नव्हते. अंगठ्याचे ठसे द्यायला तयार नव्हते. नायगावला आणि ना. म. जोशी मार्गावर तर विरोध जास्तच कडवा होता.

या विरोधाला त्या वेळी ‘विकासविरोधी’ म्हणून हिणवले गेले. ते मला अन्यायाचे वाटते. लोकांचे म्हणणे अगदी साधे होते: आधी करार, मग खोली खाली. आणि त्यामागे या शहराचा अनुभव होता. गोरेगावच्या सिद्धार्थ नगरात, पत्राचाळीत, ६७२ कुटुंबांनी २००८च्या करारावर विश्वास ठेवून घरे सोडली. विकासकाने पुनर्वसन इमारत पुरी केली नाही, भाडे बंद झाले, प्रकरण ईडीपर्यंत गेले, म्हाडाला प्रकल्प हातात घ्यावा लागला. काही जण घराची वाट पाहतच गेले. शहरभर जुन्या इमारतींतून संक्रमण शिबिरात गेलेली माणसे आहेत, ज्यांच्या मुलांची लग्ने शिबिरातच झाली. बीडीडीच्या रहिवाशांनी हे वर्तमानपत्रात वाचले नव्हते. कोणाची बहीण, कोणाचा साडू त्यात अडकलेला होता. शिवाय या प्रकल्पात जमीन सरकारी असल्याने रहिवाशांच्या संमतीची टक्केवारी गोळा करण्याची अटच नव्हती. सरकारला ती सोय वाटली. रहिवाशांना त्यातून ऐकू आले की तुमच्या सहीला इथे किंमत नाही. मग ज्यांच्या सहीला किंमत नाही त्यांनी आपल्याकडे उरलेली एकच गोष्ट वापरली: दार बंद ठेवले.

हे दार उघडले तीन कागदांनी.

पहिला कागद पात्रतेचा. हा दिसतो तितका सोपा नव्हता. खोली मूळ आजोबांच्या नावावर, भाडेपावती त्यांच्याच नावाची, आणि आत तीन भावांचे संसार. एखादी खोली कधीतरी स्टँप पेपरवर विकली गेलेली, विकत घेणारा पंचवीस वर्षे राहतो आहे पण दप्तरात त्याचे नाव नाही. पात्रतेची यादी लागली की घराघरात वारसाचे वाद उफाळले. एका खोलीमागे एक सदनिका, हा नियम प्रशासनाच्या दृष्टीने सरळ आहे. पण १६० फुटांत नऊ माणसे राहत होती ती जागा नव्हती म्हणून, एकमेकांवाचून करमत नव्हते म्हणून नव्हे. पाचशे फुटांवर नाव कोणाचे लागणार यावरून सख्खे भाऊ तहसील आणि कोर्टाच्या पायऱ्या चढले. पुनर्विकासाच्या कोणत्याही योजनेत या वादांसाठी चाळीतच बसून तोड काढणारा माणूस नेमलेला नसतो. तो नेमायला हवा. वकिलाच्या फीपेक्षा तो स्वस्त पडेल आणि नातीही वाचतील.

दुसरा कागद सोडतीचा. खोली खाली करण्याआधीच संगणकीय सोडतीने कोणाला नव्या इमारतीत कुठली सदनिका हे ठरवून दिले गेले. याचे महत्त्व बाहेरच्याला पटकन कळत नाही. ‘तुम्हाला घर मिळेल’ आणि ‘तुम्हाला या विंगेतल्या या मजल्यावरचे या नंबरचे घर मिळेल’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिले आश्वासन असते. दुसरे आपण पाहुण्यांना सांगू शकतो.

तिसरा कागद म्हाडाबरोबरचा नोंदणीकृत करार. त्यात सदनिका, संक्रमण काळातली सोय, भाडे, सगळे आले. काहींना गिरण्यांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या म्हाडाच्या इमारतींतले संक्रमण गाळे मिळाले, काहींनी महिना २५,००० रुपये भाडे घेऊन स्वतःची सोय केली. भाड्याचा हा आकडाही भांडून वाढवून घेतलेला आहे.

पोलीस कुटुंबांची गोष्ट थोडी वेगळी. सव्वादोन हजारांच्या आसपास खोल्या पोलिसांकडे सेवानिवासस्थान म्हणून होत्या. नियमाने निवृत्तीबरोबर खोली सुटायला हवी, पण पिढ्या इथेच वाढलेल्या. सरकारने त्यांना ५० लाखांत घर देऊ केले, ओरड झाल्यावर २५ लाख केले आणि अखेर २०२२ मध्ये १५ लाखांवर आणले. शेजारच्या दाराला फुकट आणि आपल्याला पंधरा लाख, ही सल त्यांच्या मनात आहे. पण सेवानिवासस्थानाची मालकी मिळणे हीच मुळात मोठी सवलत आहे, असे माझे मत आहे.

या सगळ्यातून एक गोष्ट पुरेशी स्पष्ट होते. चार वर्षांचा खोळंबा बांधकामाच्या तंत्रामुळे झाला नाही, पैशामुळेही फारसा नाही. यादी, सोडत आणि करार या क्रमाने कागद हातात आले तेव्हा लोकांनी खोल्या सोडल्या. हे तीन कागद २०१७च्या भूमिपूजनाआधी तयार असते तर काही वर्षे वाचली असती.

खोलीच्या बाहेर जे होते

करार झाला तो म्हाडा आणि एका कुटुंबात. त्यात चौरस फूट मावले. गणपतीच्या मखराचे सामान ठेवायची जागा, व्यायामशाळेची वजने, भजनी मंडळाची पेटी-पखवाज, वाचनालयाचे कपाट, बालवाडीच्या सतरंज्या, हे सगळे कुठल्या करारात बसवायचे? आराखड्यात सामाजिक सुविधा आहेत. पण ‘सुविधा’ ही एक गोष्ट आणि ‘आमची जागा’ ही दुसरी. सुविधेचे व्यवस्थापन कोण करणार, किल्ली कोणाकडे, भाडे किती आणि ज्या मंडळाने ती जागा वर्षानुवर्षे चालवली त्याचा तिच्यावर हक्क किती, हे जोवर लिहिलेले नाही तोवर ती सुविधा पहिल्या तगड्या माणसाच्या ताब्यात जाते. मुंबईत असे समाजमंदिर शोधायला लांब जावे लागत नाही.

दुसरी बाब आकड्यांची. ५५६ घरे दोन विंगांमध्ये आहेत, म्हणजे एका विंगेत सरासरी २७८ कुटुंबे. जुन्या चाळीत ८० होती. साडेतीन चाळी आता एका लिफ्टच्या दारात उभ्या आहेत. चाळ समिती चालायची ती ८० घरांची तोंडे एकमेकांना पाठ असल्यामुळे. वर्गणी कोणी दिली नाही, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाला यंदा सूट द्यायची, हे वहीत न लिहिताही माहीत असायचे. २७८ कुटुंबांत ते जमणार नाही. तिथे वही लागेल, हिशेब तपासनीस लागेल, निवडणूक लागेल. गृहनिर्माण संस्था आणि चाळ समिती या दोन वेगळ्या जातीच्या संस्था आहेत. एकीचे कार्यकर्ते दुसरीत आपोआप यशस्वी होत नाहीत. १९६०च्या सहकार कायद्याखाली सभा कशी बोलवायची, इतिवृत्त कसे लिहायचे, थकबाकी कशी वसूल करायची, हे शिकवायला कोणीतरी चावी देण्याच्या आधी सहा महिने यायला हवे होते. हे काम कंत्राटदाराचे नाही, पण म्हाडाचे नक्की आहे.

तिसरी बाब पॅसेजची. चाळीचा पॅसेज अंधारा होता, कोंदट होता, संडासच्या रांगेत भांडणे व्हायची. तो परत यावा असे तिथल्या कोणत्याही बाईला वाटत नाही. ज्यांनी पहाटे रांगेत बादली धरली नाही त्यांनीच पॅसेजच्या आठवणीने गहिवरावे. पण पॅसेज काही कामे करायचा. पहिलीतला मुलगा शाळेतून आला आणि आई कामावर असली तर समोरच्या दारात जेवायचा. म्हाताऱ्याला दिवसभर ये-जा दिसायची. दार उघडे असणे हाच पहारा होता. ही कामे आता करायला कोणी नाही, आणि चाळीस मजली इमारतीत ती आपोआप होत नाहीत. त्यांच्यासाठी जागा आणि वेळ दोन्ही मुद्दाम द्यावे लागतात. पोडियमवर, म्हणजे इमारतीच्या पायथ्याशी, गाड्यांचे मजले आहेत. तिथे पाळणाघरासाठी आणि ज्येष्ठांच्या बैठकीसाठी खोल्या ठरवून दिल्या असत्या तर फरक पडला असता. पुढच्या विंगांमध्ये अजून देता येतील.

१९७४च्या भिंतींचे काय झाले? सोडतीने एक चांगले काम नकळत केले. जुन्या चाळींमध्ये ‘त्यांची’ आणि ‘आमची’ अशी जी वाटणी होती ती नव्या मजल्यांवर तशीच उतरली नाही. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांच्या आजोबांनी एकमेकांच्या चाळीवर दगड मारले त्यांची नातवंडे आता एका लिफ्टने शाळेला जातील. ही मोठी गोष्ट आहे. पण एकत्र ठेवल्याने माणसे आपोआप एक होत नाहीत. १४ एप्रिलची मिरवणूक आणि गणपतीची मिरवणूक यांना एकच आवार, एकच वीजजोडणी आणि एकच ध्वनिक्षेपकाची परवानगी लागते. पहिल्याच वर्षी दोन्ही उत्सवांच्या नियमांवर संस्थेच्या सभेत मोकळेपणाने बोलून ठराव केला, तर पुढच्या पिढ्यांना त्याचा उपयोग होईल. हा विषय नाजूक म्हणून टाळला तर तो पोलीस ठाण्यात निघेल.

महिन्याचा हिशेब

चाळीत भाडे नाममात्र होते. चाळीस मजली इमारत मात्र रोज पैसे खाते. लिफ्ट, पाण्याचे पंप, अग्निशमन यंत्रणा, सांडपाणी प्रक्रिया, जनरेटर, सुरक्षा, सफाई. चार मजली चाळीतला जिना बंद पडत नसतो. तिसाव्या मजल्यावर लिफ्ट बंद म्हणजे घर बंद.

सुदैवाने एक ओझे कमी आहे. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, आणि ही घरे त्या मर्यादेत बसतात. सुरुवातीच्या वर्षांत देखभालीचा भारही म्हाडाकडे आहे. पण तो कायम राहणार नाही. समजा पुढे चौरस फुटाला महिना ८ रुपये खर्च आला, तर एका घराला ४,००० रुपये. सुरक्षारक्षकाची नोकरी करणाऱ्या, घरकामाला जाणाऱ्या, निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या घरासाठी हा आकडा लहान नाही. दोन-तीन वर्षे थकबाकी साचली की संस्था वसुलीच्या नोटिसा काढते, घरात वाद होतो आणि कोणीतरी म्हणते, भाड्याने देऊन टाकू, आपण कल्याणला राहू. हातातून घर असे सुटते. कोणी हिसकावून घेत नाही. शंभर वर्षे ज्यांनी वरळी सोडली नाही ते दहा वर्षांत वरळीतून हळूहळू निघून गेले, तर या प्रकल्पाला वस्तीचे पुनरुज्जीवन म्हणता येणार नाही. ती फक्त जागेची उलाढाल झाली असे म्हणावे लागेल.

यावर उपाय आहे, आणि तो प्रकल्पाच्या पोटातच आहे. विक्रीच्या इमारतींतून येणाऱ्या पैशातला एक हिस्सा पुनर्वसन इमारतींच्या देखभालीसाठी कायमस्वरूपी ठेव म्हणून बाजूला काढायचा, त्याचे व्याज थेट संस्थेच्या खात्यात जमा करायचे आणि मुद्दलाला संस्थेलाही हात लावता येणार नाही अशी तरतूद करायची. तळाशी असलेल्या दुकानांपैकी काहींची मालकी संस्थेकडे दिली तरी महिन्याचे उत्पन्न सुरू होते. हे आत्ता, विक्रीच्या इमारती उभ्या राहायच्या आत मागितले तर मिळू शकेल. त्या विकल्या गेल्या की मागायला कोणी समोर उरणार नाही.

विक्रीच्या इमारतींबद्दल आणखी एक प्रश्न तातडीचा आहे. प्रवेशद्वार एक की दोन? मधली बाग दोघांची की एकाची? जांबोरी मैदान आज वरळीच्या सगळ्या पोरांचे आहे. दहीहंडी, क्रिकेट, सभा, लग्नाचे मांडव, सगळे तिथेच. कोट्यवधीचा फ्लॅट घेऊन आलेल्या शेजाऱ्याला हंडीचा गलका नको असेल, आणि त्याला अर्ज कसा करायचा हे आपल्यापेक्षा चांगले माहीत असेल. मैदानाचा वापर कोणी, किती दिवस आणि कोणत्या वेळी करायचा, याचा लेखी ठराव पालिकेबरोबर आजच व्हायला हवा. चाळकरी अजून बहुसंख्य आहेत तोवर.

ना. म. जोशी मार्गाला ज्यांचे नाव आहे त्या नारायण मल्हार जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली. कामगारांच्या वस्त्यांत वाचनालये, रात्रशाळा, औषधोपचार असे काम त्यांनी चालवले. घर आणि पगार यांच्या पलीकडे वस्तीला संस्था लागतात आणि त्या संस्थांना जागा, पैसा आणि पगारी माणूस लागतो, हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी कळले होते. आपण भाडे वाढवून घेण्यासाठी मोर्चा काढतो, ते बरोबरच आहे. पण बालवाडीच्या खोलीसाठी तसा मोर्चा निघाल्याचे मला आठवत नाही. रहिवाशांच्या संघटनांनीही घराच्या मागण्यांची यादी केली, वस्तीच्या मागण्यांची केली नाही. दोष फक्त म्हाडाचा नाही.

शिवडीच्या बारा चाळी

शिवडीच्या १२ चाळी या तिन्ही ठिकाणांच्या मागे राहिल्या, कारण तिथली जमीन राज्याची नसून केंद्राच्या अखत्यारीतल्या मुंबई बंदर प्राधिकरणाची आहे. ९६० खोल्यांचे लोक दिल्लीच्या परवानगीकडे डोळे लावून आहेत. उशीर झाला, हे त्यांचे नुकसान. पण वरळीत काय घडले हे पाहून मागण्या मांडण्याची संधी फक्त त्यांनाच आहे.

माझ्या मते शिवडीच्या चाळ समित्यांनी आत्ताच, सर्वेक्षणाला कोणी यायच्या आधी, दोन वह्या कराव्यात. एकीत खोलीनिहाय कुटुंबे, वारस, भाडेपावत्या आणि वाद लिहावेत, म्हणजे पात्रतेच्या यादीत नंतर आश्चर्ये निघणार नाहीत. दुसरीत वस्तीची मालमत्ता: किती मंडळे, कोणाकडे किती जागा, कोणत्या संस्थेत किती मुले येतात, कोणत्या बाया एकट्या राहतात, कोण पोळीभाजी विकून घर चालवते आणि तिला नव्या इमारतीत गॅसची शेगडी लावायला तळाशी किती फूट लागतील. परवानगी आली की सरकारी माणूस पहिली वही मागायला येईल. दुसरी त्याच्या हातात आपण द्यायची, आणि तिच्यातल्या प्रत्येक ओळीसमोर त्याने सही केल्याशिवाय पहिली उघडायची नाही.